डॉक्टरांनी ‘घरात बंदूक आहे का?’ असं विचारलं तर काय सांगायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ग्रीन कार्ड मिळाल्यावर तुम्ही एक पिस्तूल घेतलंत. चौदा वर्षांच्या मुलाला वार्षिक तपासणीला नेलं, तेव्हा फॉर्मवर ‘घरात बंदूक आहे का, असल्यास कशी ठेवता’ असा रकाना होता. नेमबाजीच्या रेंजवरचे मित्र सांगतात, डॉक्टरला एक अक्षर बोलू नकोस, सगळं सरकारकडे जातं. त्यात तुम्ही मागच्या वर्षी काही महिने नैराश्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. आणि सर्जन जनरलनीच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यावर बोलणाऱ्या सरकारच्या मुख्य डॉक्टरांनीच, बंदुकीच्या हिंसेला सार्वजनिक आरोग्याचं संकट म्हटलं हे वाचल्यापासून तुम्हाला वाटतंय की आरोग्य खात्याची माणसं आता बंदुकांच्याच मागे लागली आहेत. खरं लिहावं, खोटं लिहावं की रकाना मोकळा सोडावा?

मी पेन्सिल्व्हेनियाच्या मधल्या भागात, गावाकडे फॅमिली डॉक्टर आहे. हरणांच्या शिकारीचा हंगाम लागला की इथल्या शाळांना सुट्टी असते, आणि आजोबांची रायफल नाही असं घर विरळाच. हा प्रश्न मी रोज विचारतो आणि त्यावर येणारा संशय रोज समोर बसलेला पाहतो. मी वकील नाही. कायद्याचं जे सांगतोय ते माझ्या कामात रोज लागतं तेवढंच, आणि त्यातलं बरंचसं राज्याराज्यागणिक बदलतं. तुमचं राज्य तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन.

तुमच्या प्रश्नात दोन भीती एकमेकींत गुंतल्या आहेत. एक, माझ्या फाइलमध्ये लिहिलेलं जातं कुठे? दुसरी, ही माणसं शेवटी बंदूक काढून घ्यायलाच निघाली आहेत का? पहिलीचं उत्तर बऱ्यापैकी पक्कं आहे. दुसरीचं तितकं सोपं नाही, आणि ती भीती वाटणाऱ्यांना मूर्खात काढणं मला अजिबात मंजूर नाही.

आधी फॉर्म. उत्तर देण्याची कुठलीही सक्ती तुमच्यावर नाही. रकाना मोकळा सोडा किंवा ‘सांगायचं नाही’ असं सरळ लिहा. खोटं मात्र लिहू नका. पुढे कधी तुमचा मुलगा खचलेला, गप्प झालेला डॉक्टरांकडे आला, तर घरात काय आहे ह्यावर डॉक्टर तुम्हाला काय सल्ला देतात ते अवलंबून असतं. मोकळा रकाना पाहून ते पुन्हा विचारतील. ‘नाही’ लिहिलेलं असेल तर पुढे जातील. त्याच फॉर्मवर पोहण्याचा तलाव, गाडीतला पट्टा, घरातली औषधं ह्यांचेही प्रश्न असतील बघा. बालरोगतज्ज्ञ हा प्रश्न त्याच यादीतला म्हणून विचारतात.

आता तो कागद जातो कुठे. तो तुमच्या वैद्यकीय नोंदीत राहतो आणि रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणारा हिपा कायदा त्या नोंदीला लागू असतो. कोर्टाचा आदेश आला, किंवा कुणाच्या जिवाला गंभीर आणि तातडीचा धोका दिसला, तर डॉक्टर माहिती उघड करू शकतात. फक्त ‘घरात पिस्तूल आहे’ हा धोका होत नाही. २०१० च्या आरोग्य विमा कायद्यात, ज्याला सगळे ओबामाकेअर म्हणतात, ह्याच विषयावर वेगळं कलम आहे. त्या कायद्याच्या आधारे बंदूकधारकांची यादी करता येत नाही आणि बंदूक आहे म्हणून विम्याचा हप्ता वाढवता येत नाही. मालकांची केंद्रीय नोंदवही करायला १९८६ च्या कायद्यानेच मनाई आहे. दुकानात होणारी पार्श्वभूमीची तपासणी पास झाली की ती नोंद २४ तासांत पुसावी लागते. आणि एक साधी गोष्ट रेंजवरच्या मित्रांच्या लक्षात आलेली दिसत नाही. पिस्तूल घेताना तुम्ही ४४७३ नंबरचा फॉर्म भरलात. त्यावर तुमचं नाव, पत्ता, हत्याराचा क्रमांक सगळं आहे, आणि तो दुकानदाराने जपून ठेवायचा असतो. तपास यंत्रणेला तुमचं पिस्तूल शोधायचंच असेल तर ती त्या दुकानाच्या कपाटाकडे जाईल. मुलाच्या उंची-वजनाच्या तक्त्याशी तिला काही देणंघेणं नाही.

मी स्वतः फाइलमध्ये ‘सुरक्षित ठेवण्याबद्दल बोललो’ एवढंच लिहितो. किती, कुठल्या बनावटीच्या, कुठल्या खोलीत, हे मी विचारतही नाही आणि लिहीतही नाही. तुमच्या डॉक्टरांनाही हे विचारायला हरकत नाही: ‘तुम्ही नेमकं काय नोंदवता?’ चांगला डॉक्टर ह्या प्रश्नाने नाराज होणार नाही.

गोळ्यांबद्दल. नैराश्याची औषधं घेणं, समुपदेशकाकडे जाणं, स्वतःहून रुग्णालयात दाखल होणं, ह्यातल्या कशानेही फेडरल, म्हणजे देशभर लागू असलेल्या, कायद्याखाली बंदुकीचा हक्क जात नाही. तो जातो न्यायालयाने किंवा तशाच अधिकृत मंडळाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलं तर, किंवा इच्छेविरुद्ध सक्तीने दाखल केलं तर. आमच्याकडे ह्याला आकड्यांनीच ओळखतात: दोनशे एक म्हणजे आपणहून दाखल झालेला, तीनशे दोन म्हणजे सक्तीने आणलेला. ३०२ झालं की पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्याने बंदूक ठेवता येत नाही, मग तो मुक्काम पाच दिवसांचा का असेना. म्हणून मध्यरात्री इमर्जन्सीत बसलेल्या माणसाला मी हा फरक समजावतो, कारण त्याने आपणहून सही करणं त्याच्या तब्येतीसाठीही बरं आणि हक्कासाठीही. पण इलिनॉयमध्ये आपणहून दाखल झालात तरी पाच वर्षं अडचण येऊ शकते, आणि न्यूयॉर्कच्या २०१३ च्या कायद्याने मानसोपचार करणाऱ्यांवर धोकादायक वाटणाऱ्या रुग्णाची माहिती कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. इथे तुमचं राज्य महत्त्वाचं ठरतं.

गोळ्यांपेक्षा गांजाच्या कार्डाची काळजी करा. राज्याने वैद्यकीय गांजा कायदेशीर केला म्हणून लोक निर्धास्त कार्ड काढतात, पण फेडरल कायदा गांजा वापरणाऱ्याला बंदूक ठेवू देत नाही. त्यावर कोर्टात वाद सुरू आहेत, पण तुमच्या घरात कुणी ते कार्ड काढायच्या विचारात असेल तर आधी वकिलाला विचारा. आणि हे वाचणाऱ्या एच-१बीवाल्यांनो, काही मोजके अपवाद सोडले तर तुमच्या व्हिसावर बंदूक जवळ बाळगणंच फेडरल गुन्हा आहे. वैध शिकारीचा परवाना हा त्यातला एक अपवाद. मित्राची चालवून बघतो म्हणण्याआधी हे माहीत असू द्या.

आता दुसरी भीती. आपण भारतातून आलेले लोक एक गोष्ट नकळत सोबत आणतो. तिकडे शस्त्र परवाना ही सरकारने दिलेली सवलत आहे. १९५९ चा कायदा, पोलिसांचा अहवाल, नूतनीकरण, आणि निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा. इथे तो १७९१ पासून घटनेत लिहिलेला हक्क आहे. २००८ च्या हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क असल्याचं सांगितलं, आणि घरातली बंदूक सुटी करून किंवा ट्रिगरला कुलूप लावूनच ठेवण्याचा वॉशिंग्टन शहराचा नियमही त्याच निकालात रद्द केला. त्यामुळे ‘कुलूप लावा’ ह्या साध्या सल्ल्यातही इथल्या माणसाला उद्याच्या सक्तीचा वास येतो. हा वास उगाच येत नाही.

सप्टेंबर २०२३ मधलं न्यू मेक्सिको घ्या. अल्बुकर्कीत बेसबॉलच्या मैदानाजवळ अकरा वर्षांचा मुलगा गोळीबारात गेला. गव्हर्नर मिशेल लुहान ग्रिशम यांनी सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली आणि आरोग्य खात्याच्या आदेशाने त्या शहरात आणि काउंटीत तीस दिवस सार्वजनिक ठिकाणी बंदूक बाळगायला बंदी घातली. परवाना असलेल्यांनाही. शेरीफने, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाने, अंमलबजावणीला नकार दिला, राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने कोर्टात बाजू मांडायला नकार दिला, आणि हे दोघंही गव्हर्नरच्याच पक्षाचे. आठवडाभरात फेडरल न्यायाधीशांनी बंदी थांबवली आणि मग गव्हर्नरनी आदेश उद्यानं आणि खेळाच्या मैदानांपुरता आखडला. मुलाच्या मृत्यूचं दुःख खरं होतं. पण साथीच्या वेळचे अधिकार घटनेतल्या हक्काविरुद्ध वापरून पाहिले गेले, हेही खरं. माझ्या दवाखान्यात त्या आठवड्यात लोकांनी मला हेच विचारलं: ‘डॉक्टर, मग तुमचा प्रश्नही त्याच कामासाठी का?’ १८९७ च्या प्लेगमध्ये तपासणीच्या नावाखाली गोरे सोजीर पुण्यातल्या माजघरात आणि देवघरात शिरले होते, हे आपण शाळेत शिकलो. आरोग्याच्या नावावर उंबरा ओलांडला की लोक पुढे चांगल्या कामासाठीही दार उघडत नाहीत, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

माझ्या मते ह्याहून मोठं नुकसान कागदी निर्णयांनी केलं. माजी सैनिकांच्या खात्याने वर्षानुवर्षं ज्यांचे पैशाचे व्यवहार सांभाळायला दुसरी व्यक्ती नेमली आहे अशा सैनिकांची नावं बंदुकीच्या तपासणीच्या यादीत पाठवली. न्यायाधीशासमोर सुनावणी नाही, काही नाही. चेकबुक सांभाळता येत नाही म्हणून बंदूक नाही. सोशल सिक्युरिटी खात्याने २०१६ मध्ये अपंगत्वाच्या भत्त्यावर असलेल्यांसाठी असाच नियम आणला, तेव्हा नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयूनेही विरोध केला आणि काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, २०१७ मध्ये तो रद्द केला. सैनिकांच्या बाबतीत न्यायालयीन आदेशाची अट २०२४ च्या निधी कायद्याने आली. दरम्यान माझ्याकडे येणारे सैनिक काय शिकले? झोप येत नाही हे सांगायचं नाही. वाईट स्वप्नं सांगायची नाहीत. ज्यांना मदतीची सगळ्यात जास्त गरज, तेच तोंड मिटून बसले. हा नियम करणाऱ्यांनी त्या खुर्चीसमोर बसून पाहायला हवं होतं.

संशोधनाचं भांडण जुनं आहे. १९९३ मध्ये एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला की घरात बंदूक असेल तर घरातच खून होण्याची शक्यता २.७ पट. बंदूकधारकांनी विचारलं, ज्यांना आधीच धोका आहे तेच बंदूक घेतात, ह्याचं काय? प्रश्न रास्त होता. पण १९९६ मध्ये काँग्रेसने डिकी दुरुस्ती आणली. सीडीसी ह्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या पैशातून बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करायचा नाही, असं तिचं कलम होतं. त्यासोबत सीडीसीच्या निधीतून नेमके २६ लाख डॉलर वळवले गेले, म्हणजे आदल्या वर्षी ह्या संशोधनावर खर्च झालेले तेवढेच. संशोधनावर बंदी नव्हती, तरी सगळ्यांनी हात काढून घेतला आणि फेडरल पैसा पुन्हा नीट यायला २०१९ चा डिसेंबर उजाडला. ज्यांच्या नावाने ती दुरुस्ती ओळखली जाते ते अर्कन्सॉचे जे डिकी, आणि तेव्हा सीडीसीत ह्या विभागाचे प्रमुख असलेले मार्क रोझेनबर्ग, पुढे मित्र झाले. २०१२ मध्ये दोघांनी मिळून लिहिलं की हक्क शाबूत ठेवूनही संशोधन करता येतं. मला हे पटतं. आकडे नसले की दोन्हीकडचे आपापल्या समजुती पुढे करतात.

आकडे देणाऱ्यांनीही नीट द्यायला हवेत. ‘मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक’ हे वाक्य २०२० नंतर सगळीकडे फिरलं. ते एक ते एकोणीस ह्या वयोगटाचं आहे. त्यात अठरा-एकोणीस वर्षांची, रस्त्यावरच्या टोळीयुद्धात मेलेली मुलं येतात आणि वर्षाखालची बाळं येत नाहीत. आकडा खोटा नाही, पण पोस्टरवर चार वर्षांच्या मुलीचा फोटो टाकून तो वापरला की बंदूकधारकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि पुढचं काहीही तो ऐकत नाही.

तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांचं जून २०२४ चं निवेदन ह्याच मालिकेतलं. त्यांनी २०१२ मध्येच बंदूक हा आरोग्याचा प्रश्न आहे असं ट्वीट केलं होतं, त्यावरून एनआरए ह्या बंदूकधारकांच्या संघटनेने विरोध केला आणि त्यांची पहिली नेमणूक डिसेंबर २०१४ पर्यंत रखडली. त्या निवेदनाला कायद्याचं बळ नव्हतं. मार्च २०२५ मध्ये ते सरकारी संकेतस्थळावरून काढूनही टाकलं गेलं. पण त्यात सुरक्षित साठवणुकीच्या सल्ल्याच्या जोडीला काही प्रकारच्या हत्यारांवर बंदीची शिफारस होती. डॉक्टर म्हणून मला पहिली गोष्ट हवी होती. दुसरी हा राजकारणाचा निर्णय आहे. त्यावर बाकी नागरिकांइतकंच माझंही मत, पांढऱ्या कोटामुळे ते जास्त वजनदार होत नाही. दोन्ही एका कागदावर आल्या की माझा पेशंट दोन्ही नाकारतो.

फ्लोरिडाने उलट्या बाजूने अतिरेक केला. तिथे ओकाला गावात एका आईने बंदुकीच्या प्रश्नाला उत्तर द्यायला नकार दिला, तेव्हा बालरोगतज्ज्ञाने तिला दुसरा डॉक्टर शोधायला सांगितलं. तिचा राग योग्य होता. पण राज्याने २०११ मध्ये डॉक्टरांच्या विचारण्यावरच कायद्याने बंधनं आणली. फेडरल अपील कोर्टाने २०१७ मध्ये बराचसा कायदा रद्द केला, कारण डॉक्टरलाही बोलण्याचं स्वातंत्र्य आहे. टिकलं ते एक कलम: बंदूक आहे म्हणून पेशंटशी भेदभाव करायचा नाही. ते टिकायलाच हवं होतं.

मग मी का विचारतो? २०२२ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,२०४ माणसं गेली. त्यातल्या २७,०३२ आत्महत्या. निम्म्याहून जास्त. बातम्यांत गोळीबार दिसतात, माझ्या गावात मात्र बायको गेलेला सत्तरीचा शेतकरी असतो, किंवा मैत्रिणीशी भांडलेला सोळा वर्षांचा पोरगा. जीव द्यावासा वाटण्याची ती लाट बऱ्याचदा काही मिनिटांची, काही तासांची असते. वाचलेल्यांपैकी बहुतेक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. पण बंदुकीच्या प्रयत्नातून दहातले नऊ वाचतच नाहीत. माझा सगळा प्रश्न त्या काही मिनिटांबद्दल आहे. पिस्तूल तुमच्याकडे असावं की नसावं ह्याबद्दल नाही.

हे सगळ्यात आधी ज्यांनी ओळखलं त्यांत बंदुकीचे दुकानदार होते. २००९ मध्ये न्यू हॅम्पशरमध्ये एकाच दुकानातून आठवडाभराच्या आत तीन वेगवेगळ्या माणसांनी बंदूक घेतली आणि काही तासांत आयुष्य संपवलं. दुकानदार हादरला. त्याने, इतर दुकानदारांनी आणि आरोग्याच्या लोकांनी एकत्र बसून खचलेलं गिऱ्हाईक कसं ओळखायचं, विक्री कशी टाळायची ह्याची पत्रकं आणि काउंटरसाठी पोस्टर केली. ते काम पुढे बऱ्याच राज्यांत गेलं. त्यात एकही नवा कायदा नव्हता. कोलोरॅडोत कठीण काळापुरती बंदूक सांभाळणाऱ्या दुकानांचा आणि पोलीस कचेऱ्यांचा नकाशाच केला आहे. मला हा रस्ता भावतो, कारण त्यात बंदूकधारक हा रोग नसतो, मदतीला धावणारा शेजारी असतो.

मी कसं विचारतो ते सांगतो. आधी सांगतो: ‘उत्तर द्यायलाच हवं असं नाही, आणि मी हत्यारांची नोंद करत नाही.’ मग: ‘घरात बंदूक असेल, तर तुमच्याशिवाय कुणाच्या हाती लागू शकते?’ गेल्या हिवाळ्यात एक शिकारी आजोबा ह्यावर बराच वेळ टोपीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, ‘माझ्याच हाती लागू नये असं सध्या वाटतंय.’ त्यांनी तिथूनच आपल्या शिकारीच्या जोडीदाराला फोन केला. तो संध्याकाळी येऊन कपाटाची किल्ली घेऊन गेला. हत्यारं घरीच राहिली, पोलीस नाहीत, कोर्ट नाही. वसंतात ते झोपेच्या गोळ्या कमी करायला आले तेव्हा किल्ली परत मिळाली होती.

तर तुमच्यासाठी. फॉर्मवर खरं लिहा किंवा ‘सांगायचं नाही’ लिहा. डॉक्टर काय नोंदवतात ते तोंडी विचारा. गोळ्या सुरू कराव्या लागल्या तर बंदुकीच्या भीतीने थांबू नका. आणि पुन्हा मन खचलंच तर तेवढ्या दिवसांपुरतं पिस्तूल घराबाहेर ठेवा. ते कुणाकडे देता येतं हे राज्यावर अवलंबून आहे, इथे पिस्तुलाचा ताबा दुसऱ्याकडे देताना साधारणपणे परवानाधारक दुकान किंवा शेरीफमार्फत जावं लागतं, पती-पत्नी आणि आईवडील-मुलं ह्यांना सूट आहे. दुकानदाराला विचारा, त्यांना हे नियम पाठ असतात. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर ९८८ हा नंबर आहे.

मुलाबद्दल थोडं जास्त. कपाटाचा वरचा कप्पा, गादीखाली, बुटांच्या खोक्यात, ह्या जागा आईवडिलांना गुप्त वाटतात आणि मुलांना पाठ असतात. स्वसंरक्षणासाठी हाताशी हवं असेल तर पलंगाजवळ बोल्टने घट्ट बसवलेली, आकड्यांची किंवा बोटाच्या ठशाची छोटी पेटी घ्या. ती दोन-चार सेकंदांत उघडते. पिस्तुलासोबत खोक्यात आलेलं तारेचं कुलूप काहीच नसण्यापेक्षा बरं, पण झटपट उघडायचं असेल तर त्याचा उपयोग नाही. बाकीची काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. चौदाव्या वर्षी डॉक्टर मुलाशी काही वेळ एकट्याने बोलतात, तेव्हा तुम्हाला बाहेर बसायला सांगतील. बसा, त्याला ती सवय लागू द्या. आणि पेटीचा आकडा त्याच्या जन्मतारखेचा असेल, तर आज रात्रीच बदला. मुलं सगळ्यात आधी तोच लावून पाहतात.